दोन विनायक आणि एक पंप

काय झालं ते सांगतो, पण आधी तुमच्या फोनमध्ये एकाच नावाची दोन माणसं आहेत का ते बघून घ्या. असतील तर आजच एकाचं नाव बदला. मी बदललं नाही, आणि एका जुन्या मित्राला आयुष्यातून उठवायची पाळी आणली.

माझा मित्र विनायक वास्कोला असतो. पेडण्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तो बंदरात क्रेनवर लागला, मी पाळी गावच्या खाणीच्या हपिसात कारकून झालो. आता दोघेही निवृत्त. मी डिचोलीजवळ लाटंबार्शाला घरी परतलो, काजूची बाग बघतो आणि उरलेल्या वेळात फोन बघतो. बायकोचं म्हणणं उलटं आहे.

आम्हा शाळूसोबत्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. रोज सकाळी प्रत्येकाने एक नवं सापडलेलं गाणं टाकायचं, असा नियम. गाणं नसेल तर गंमत चालते. मी एकदा पाव विकत फिरणाऱ्या पोदेराच्या भोंप्याचा आवाज टाकला होता. एकाने मांजराचा फोटो टाकला, ते तराजूच्या पारड्यात झोपलं होतं. असला आमचा कारभार.

विनायकची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. घर फार गप्प झालं म्हणून तो गाणं शिकायला लागला. त्रेसष्टाव्या वर्षी. हे त्याने गटात कुणाला सांगितलं नव्हतं. एके दिवशी त्याने मला एकट्याला स्वतःचं गाणं पाठवलं आणि खाली लिहिलं, "गजा, आजवर कुणाला ऐकवलं नाही. खरं काय ते सांग. बरं नसेल तर सोडून देईन."

त्याच आठवड्यात आमच्या विहिरीवरचा पंप बिघडला. पंप दुरुस्त करणाराही विनायकच. दोडामार्गाकडचा मुलगा, कामाला चोख. फोनमध्ये एक 'विनायक वास्को', दुसरा 'विनायक वायरमन'. दिसत नाही म्हणून मी अक्षरं मोठी करून ठेवलेली. त्यामुळे दोघांचीही नावं 'विनायक वा' एवढीच दिसायची आणि पुढे तीन टिंबं. फोटो बघून ओळखावं म्हणाल, तर दोघांनीही गणपती लावलेला.

सोमवारी सकाळी मी पंपाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला आणि खाली लिहिलं, "चार दिवस ऐकतोय. सुरुवातीला घरघर, मग कण्हल्यासारखं. वर चढतच नाही. शेजारीसुद्धा विचारू लागलेत. जुनं झालंय हे मान्य. काही करता येईल की आता बंदच करावं?" पंप हा शब्द मी लिहिला नाही. आवाज सोबत आहे, माणसाला कळणारच.

आमच्याकडे रेंज कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. आवाज गेलाच नाही, नुसता मजकूर गेला. गेला कुठे, ते तुम्ही ओळखलंच.

लगेच बसल्या बैठकीला मी मित्राच्या गाण्याचाही निकाल लावला. लिहिलं, "विनायका, तुझा आवाज काळजाला भिडला. दोनदा ऐकला. डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं हे कुठे लपवून ठेवलं होतंस? आता थांबू नकोस, रोज पाठव." आणि दोन कामं उरकली म्हणून पेज जेवायला गेलो.

संध्याकाळी गटात ओळ आली: विनायक गट सोडून गेला.

मी फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. मंगळवारी फोन बंद. गटातले सगळे मलाच विचारायला लागले, कारण तो माझा मित्र. मी म्हटलं, मला काही बोलला नाही. एकाने लिहिलं, "एकटाच असतो रे तो. बरा आहे ना?" ते वाचून मी पुन्हा फोन लावून बघितला. एकटा माणूस, वय झालेलं, त्यात फोन बंद. मनात काय काय यायचं ते आलं.

बायको म्हणाली, "तुम्ही त्याला काही वेडंवाकडं लिहिलंत का?"

"मी? मी तर त्याची एवढी स्तुती केली."

"दाखवा."

"लिहिलंय म्हटलं ना."

दाखवलं असतं तर तिथेच उलगडा झाला असता. पण आपलं खरं असताना बायकोला पुरावा कशाला द्यायचा? असा आमचा बाणा.

बुधवारी सकाळी वायरमन विनायक आला. नेहमी थेट विहिरीवर जाणारा मुलगा गेटाबाहेरच उभा. सोबत त्याची बायको. मी म्हटलं, "अरे, ये की आत. किती वाट बघायची तुझी?"

तो चपलेकडे बघत म्हणाला, "काका, तुमचो मेसेज हिणां वाचल्यान."

"बरं झालं. मग काय वाटतं? बेअरिंग गेलंय का?"

त्याने बायकोकडे बघितलं. तिने कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "काका, ह्येंचो आवाज ऐकान तुमच्या डोळ्यांत पाणी कित्याक इला?"

मला आधी कळेना. मग त्याने फोन पुढे केला. मी वाचलं. काळजाला भिडला, रोज पाठव, सगळं जिथल्या तिथे. वायरमनचं राहिलं बाजूला. हा मजकूर इथे आला, म्हणजे दुसरा कुठे गेला?

घरात जाऊन चष्मा लावला आणि वास्कोच्या विनायकला काय लिहिलंय ते वाचलं. घरघर. कण्हल्यासारखं. वर चढतच नाही. आता बंदच करावं. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा शेजारीच होत्या.

डिचोलीहून पणजी, पणजीहून वास्को. बसमध्ये बसायला जागा होती तरी मी उभाच होतो, असं कंडक्टरने सांगितल्यावर समजलं. जुवारीचा पूल आला तेव्हा मी मनातल्या मनात माफीचं भाषण तिसऱ्यांदा म्हणत होतो.

दार त्यानेच उघडलं. धडधाकट होता. मला एवढं हायसं वाटलं की भाषण विसरलो आणि म्हणालो, "अरे, ते पंपाचं होतं."

"काय पंपाचं?"

मी सगळं सांगितलं. दोन विनायक, मोठी अक्षरं, गेटावरची बायको. पुरावा म्हणून पंपाचा आवाज लावून दाखवला. त्याने डोळे मिटून ऐकला. जन्म क्रेनवर काढलेला माणूस. "बेअरिंग गेलंय," म्हणाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसला असावा.

मग आत जाऊन चहा टाकला. बशीत ऊन पाव ठेवले. मी सुटलो असं मला वाटलं.

"मग माझ्याबद्दल काय लिहिलं होतंस?" त्याने विचारलं.

मी मोठ्या उत्साहाने दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि हळूच म्हणाला, "गजा, पाणी नक्की कुठल्या जागी आलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे गाण्यात कुठे? मला शिकायला बरं."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? ते गाणं मी ऐकलंच नव्हतं. आठ मिनिटांचं होतं. मित्राचं आहे, छान म्हणायचंच आहे, मग ऐकायची घाई काय, असा माझा हिशेब.

"शेवटी," मी म्हटलं. "शेवटाला तर कमाल केलीस तू."

विनायकने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "शेवट मी गायलोच नाही. मध्येच ठसका लागला. तिथे मी तुला सांगितलंय, गजा, पुढचं उद्या म्हणतो. पुढे सगळा पंख्याचाच आवाज आहे."

मी पाव चहात बुडवला तो वर काढायचं विसरलो.

"एक सांगू?" तो म्हणाला. "तीन दिवस मला वाईट वाटत होतं खरं. पण एक समाधान होतं, की कुणीतरी माझं गाणं चार दिवस बसून ऐकलं."

विनायक त्याच संध्याकाळी गटात परत आला. आता स्वतःचं गाणं उघड सगळ्यांना पाठवतो. त्याच्याखाली दोन प्रश्न असतात, ते फक्त माझ्यासाठी. माझी उत्तरं तपासून होईपर्यंत बाकी कुणी अभिप्राय द्यायचा नाही, असा नवा नियम झालाय. परवा मी नापास झालो.