अरुणाताईंचा उजवा कान

हॅनोव्हरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका ओळखीच्यांकडे जेवायला गेले होते. शेजारी आखूड केसांच्या, पन्नाशीला टेकलेल्या एक बाई बसल्या होत्या. मी त्यांना दोनदा काहीतरी विचारलं, पण त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बाई भलत्याच शिष्ट दिसतायत, असं मनात म्हणतेय तोच त्या वळल्या आणि म्हणाल्या, "तू काही बोलून राहिली का? इकडून ये बाई, डावीकडून. हा कान मेलेला आहे."

'मेलेला' हा शब्द त्यांनी इतक्या सहज वापरला की हसावं की नाही तेच मला कळेना. ती आमची पहिली भेट. तेव्हापासून त्या माझ्या अरुणाताई.

ताई मूळच्या नागपूरच्या, इंदोरा वस्तीतल्या. अगदी लहानपणी, आठवतही नाही अशा वयात, त्यांना गालगुंड झालं. ताप उतरला, सूज उतरली, पण जाताना उजवा कान घेऊन गेली. घरात कितीतरी महिने कुणाला पत्ताच लागला नाही. पोर हाक मारली की भलतीकडे बघते, म्हणून तिला वेंधळी ठरवून सगळे मोकळे झाले. शेवटी लपाछपी खेळताना मैत्रिणींच्या लक्षात आलं, की अरुणावर राज्य आलं की ते जातच नाही. कारण आवाज कुठून येतो, हे कळायला दोन कान लागतात. एकाच कानाला आवाज ऐकू येतो, पण त्याची दिशा कळत नाही.

वडील पोस्टात होते. घरात रोज संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची, पण अंगारा, धुपारा, नजर, बाधा यांतलं काही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. कान गेला तेव्हा शेजारच्या एकीनं उतारा सुचवला, तर वडिलांनी तिला चहा पाजून वाटेला लावलं आणि मुलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, नस गेली, आता काही होणार नाही. वडील म्हणाले, "ठीक आहे. एका कानानं जेवढं ऐकशील, तेवढं नीट ऐक." ताईंनी तेच केलं. रसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि जर्मनीत रबरावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत लागल्या. रबराचा तुकडा ताणायचा, तो कधी थकतो आणि कुठे फाटतो ते बघायचं, हे त्यांचं काम. कपड्यांना कायम टायरच्या दुकानासारखा थोडा वास. उज्ज्वलदादा, म्हणजे त्यांचे मिस्टर, यंत्रांच्या एका कंपनीत. मुलगी प्राची इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये. आईला ती इथल्या मुलांसारखं 'मामा' म्हणते. नागपूरच्या व्हिडिओ कॉलवर दर वेळी त्यावरून हशा होतो.

बहिऱ्या कानाची ताईंना कधी खंत नव्हती. "मला झोपायला गादीसुद्धा चांगली लागत नाही," त्या म्हणायच्या. "डावा कान उशीत खुपसला की जग बंद. असं सुख राजाला तरी होतं का?"

गेल्याच्या गेल्या वर्षी ईस्टरच्या सुटीत दादांनी पोर्तुगालला जायचं ठरवलं. घेतलेल्या घरात एक खोली जास्तीची होती, म्हणून मलाही बरोबर ओढलं. सिंत्रा हे लिस्बनजवळचं डोंगरावरचं गाव. आपल्याकडे महाबळेश्वर तसं ते जुन्या पोर्तुगीज राजांचं उन्हाळ्याचं ठिकाण. फक्त इथे वळणावळणाला राजवाडा. अगदी शिखरावर पिवळा-लाल रंगवलेला एक महाल आहे, तो जर्मनीतून आलेल्या एका राजानं बांधला, हे दादांनी विमानात तीनदा सांगितलं.

तो महाल आम्हाला दिसलाच नाही. वर पोचेपर्यंत ढग खाली उतरले होते. पिवळा रंग धुक्यात मधेच उजळायचा आणि विझायचा. तिथून आम्ही शेजारच्या टेकडीवरच्या मूर लोकांच्या जुन्या किल्ल्यावर गेलो. तिथे नुसती तटबंदी उरली आहे, डोंगराच्या कडेकडेनं वर-खाली जाणारी. एका बाजूला कमरेइतका कठडा, दुसऱ्या बाजूला बऱ्याच जागी काहीच नाही. दहा पावलांपलीकडचं माणूस पुसून जात होतं. प्राची पुढे होती. तिनं धुक्यातून हाक मारली, "मामा! कॉम माल!" म्हणजे, आई, इकडे ये ना.

हाक वरून, समोरून आली होती. ताई गर्रकन उलट्या वळल्या आणि कठडा नसलेल्या बाजूला चालू लागल्या. मी त्यांचा दंड धरला. त्यांच्या बुटाखालचा दगड खाली गेला, तो कुठे पोचला ते ऐकू आलं नाही.

गाडीपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गावातला जुना राजवाडा बघायला गेलो. बाहेरून पांढराशुभ्र, आणि छपरावर दोन प्रचंड निमुळती धुराडी, उलटी नरसाळी ठेवावीत तशी. ती मुदपाकखान्याची. हंसांच्या चित्रांचं दालन झालं, निळ्या फरशांचं दालन झालं, आणि शेवटी आम्ही मुदपाकखान्यात आलो. उंच पांढरी खोली, भिंतीलगत चुली, तांब्याच्या भांड्यांच्या रांगा. मधे उभं राहून वर पाहिलं की धुराड्याच्या टोकाला आभाळाचा रुपयाएवढा तुकडा. माणसांची गर्दी होती. मी भांड्यांचे फोटो काढत होते, तेवढ्यात ताईंनी माझी बाही ओढली.

"निधी, इथे कोणी बाई बोलून राहिली का?"

"ताई, इथे पन्नास जण बोलतायत."

"ते नाही. ही इकडे आहे." आणि त्यांनी उजवा हात वर करून कोपऱ्यातल्या चुलीकडे बोट दाखवलं.

मी चुलीकडे पाहिलंच नाही, त्या बोटाकडेच बघत राहिले. आवाज अमुक बाजूनं येतोय, असं सांगताना ताईंना मी कधीच पाहिलं नव्हतं. चुलीपाशी कुणी नव्हतं, नुसता दोर बांधला होता.

ताईंनी डावा कान तळव्यानं गच्च दाबला. मग तो सोडून उजव्या कानात बोट घातलं. पुन्हा डावा. प्रयोगशाळेत करतात तसं, न घाबरता, नीट. "उजवा बंद केला की जाते," त्या म्हणाल्या. "डावा बंद केला की बाकी सगळं जातं, ती राहते."

"काय बोलतेय?"

"भाषा समजत नाही. पण काम करता करता बाई पुटपुटते ना, तशी. पाणी भरलं नाही, अमकी मेली कुठे उलथली, तसलं. मधेमधे काहीतरी घासते."

दादा हसून म्हणाले, "अगं, एवढं मोठं धुराडं आहे. लोकांचा आवाज वर जातो आणि फिरून खाली येतो."

"येऊ द्या ना अहो. पण ह्या कानात कसा येईल?"

दादांनी चष्मा पुसायला घेतला.

त्या रात्री ताई खुशीत होत्या. जेवताना दोनदा भात घेतला. "आवाजाला दिशा असते हे मी पुस्तकात वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "पण ते असं असतं होय! आजवर मी अर्ध्या खोलीत राहत होते. कोणीतरी उरलेली अर्धी उघडून दिली."

"मामा, दास इस्ट उनहाइमलिश," प्राची म्हणाली. म्हणजे, हे सगळं भीतीदायक आहे. ती ताटावरून उठून गेली.

सकाळी दार उघडल्या उघडल्या ताई पुन्हा तिथे हजर झाल्या. बरोबर मी एकटीच होते. मुदपाकखान्यात कुणी नव्हतं, दाराशी खुर्चीत एक वयस्क देखरेख करणाऱ्या बाई तेवढ्या. ताई मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी डाव्या कानावर हात ठेवला. क्षणात चेहऱ्यावर हसू आलं. मी उजवीकडे उभी राहून त्यांच्याकडे बघत होते.

मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले.

"थांबली," त्या कुजबुजल्या.

"कोण?"

"ती. बोलता बोलता मधेच थांबली. निधी, कोणीतरी ऐकून राहिलं आहे, हे तिला कळलं."

ताईंनी मान जराशी वळवली. "आता श्वास ऐकू येतो. जवळ येते आहे."

ताईंच्या उजव्या बाजूलाच मी होते. आमच्या दोघींत हातभर अंतर होतं, जास्त नाही. मी मागे सरकले. का सरकले ते आजही सांगता येणार नाही, पण जागा द्यावी तशी सरकले.

ताई एकदम शहारल्या आणि त्यांनी डाव्या कानावरचा हात काढला. "तिनं आई म्हटलं."

"आई?"

"अगदी कानाशी. प्राचीनं तर कधी म्हटलं नाही मला." त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "आधी काहीतरी होतं आणि शेवटी आई. कँय... कँय श्ता आई."

ते शब्द विसरायच्या आत मी खुर्चीतल्या बाईंपाशी गेले, जसे ऐकले तसे म्हणून दाखवले आणि इंग्रजीत विचारलं, याचा काही अर्थ होतो का? बाई हसल्या. "होतो की. उच्चार चांगला आहे तुमचा. 'कोण आहे तिथे?' दारावर टकटक झाली की म्हणतो ना, तेच."

मी परत येऊन ताईंना सांगितलं. त्या चुलीसमोरच्या दगडी पायरीवर बसल्या.

"आम्ही भूत मानत नाही," त्या म्हणाल्या. "बाबांनी तेच शिकवलं, आणि मी अजूनही मानत नाही. पण निधी, तिकडे ती एकटी काम करते आहे, आणि तिला वाटतं आहे की इथे कोणीतरी... म्हणजे तिच्या लेखी मी..."

त्या उठल्या, पदर सावरावा तशी ओढणी सावरली, पुन्हा मधोमध गेल्या. डावा कान झाकला आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघून हळूच, समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "मी अरुणा. नागपूरची. घाबरू नको बाई."

मला काहीही ऐकू आलं नाही. मी फक्त ताईंना पाहिलं. पायाशी परात आदळावी तशा त्या दचकल्या, दोन पावलं मागे झाल्या, आणि त्यांची मान हळूहळू वळत गेली. चुलीपासून भिंतीकडे, भिंतीपासून आतल्या छोट्या दाराकडे. पळत जाणाऱ्या माणसाकडे आपण बघतो तशी. दाराशी येऊन मान थांबली.

"गेली," ताई म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "भांडं टाकून पळाली. मी तिला घाबरवलं."

हॅनोव्हरला परतल्यावर दादांच्या आग्रहाखातर त्या कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. मी बरोबर होते. तपासणीच्या आलेखावर उजव्या कानाची रेघ जशीच्या तशी, तळाशी. डॉक्टर समजूतदार होते. "हे बघा, मेंदूला रिकामी जागा आवडत नाही," ते म्हणाले. "तो स्वतःच ती भरतो."

"पण मेंदूला पोर्तुगीज कुठून येतं?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही तिथे काही दिवस होतात. कानावर पडलं असेल. चांगल्या कानावर."

ताईंनी ते मान्य केलं. मनापासून केलं, असं मला वाटतं. पण पुढच्याच महिन्यात त्यांनी फोल्क्सहोखशूलंमध्ये, इथल्या प्रौढांच्या शाळेत, पोर्तुगीजच्या वर्गात नाव घातलं. दर मंगळवारी कामावरून परस्पर जायच्या. वर्गात त्यांच्यापेक्षा निम्म्या वयाची पोरं. शिक्षिकेनं विचारलं, कशासाठी शिकताय? त्या म्हणाल्या, सुटीसाठी.

दादांनी पहिल्यांदा चेष्टा केली, मग काळजी केली, मग गप्प राहिले. प्राचीनं मात्र मला एकदा जिन्यात गाठून, चक्क मराठीत विचारलं, "निधीमावशी, ती परत जाणार आहे का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. मला माहीत होतं.

पुढच्या ईस्टरला ताई एकट्या गेल्या. आल्यावर पंधरा दिवस काही बोलल्या नाहीत. मग एका शनिवारी आम्ही लिस्टर माइलं या दुकानांच्या रस्त्यावर बाजार करत होतो. ऊन पडलं होतं, माणसं आइस्क्रीम खात फिरत होती. मी सवयीनं त्यांच्या डावीकडून चालत होते.

"मी रोज गेले," त्या आपणहून म्हणाल्या. "उघडलं की आत, बंद होईपर्यंत. त्या खुर्चीतल्या बाईंनी ओळखलं मला. चहा दिला."

"आणि?"

"काही नाही. एकदम काही नाही. हा कान आपला पहिल्यासारखा, मेलेला. तरी मी म्हटलं जे म्हणायचं ते. व्याकरण तपासून नेलं होतं. घाबरू नकोस, मी तुझं काही वाईट करायला आले नाही, तू तुझं काम कर."

"मग गेली असेल ती, ताई. सुटली म्हणायचं."

ताईंनी जरा विचार केला. "गेली असेल. नाहीतर तिथेच असेल, चुलीच्या आड, श्वास रोखून. मी जाते कधी याची वाट बघत. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं." त्या थांबल्या. "आणि श्वास रोखून कोणी उभं असलं, तर ते मला कसं ऐकू येणार?"

भाजीच्या गाड्यावर पांढऱ्या श्पारगेलच्या, म्हणजे अ‍ॅस्परॅगसच्या, जुड्या मांडल्या होत्या. ताई वाकून त्यातली जाड, न सुकलेली देठं निवडू लागल्या. मी पिशवी धरून उभी राहिले.