धर, आत्या

आत्या रागीट आहे हे घरात कोणाला माहीतच नव्हतं. माहीत होणार तरी कसं? राग दाखवायला हात मोकळे लागतात, आणि आत्याच्या हातात कायम दुसऱ्याचं काहीतरी असायचं.

ती एका नाटकगृहात कामाला होती. आत शिरल्या शिरल्या डावीकडे एक लाकडी फळी होती, तिच्यामागे ती उभी राहायची. प्रेक्षकांनी कोट, छत्र्या, पिशव्या द्यायच्या, हिने पितळी बिल्ला द्यायचा, आणि खेळ सुटला की बिल्ला घेऊन ज्याचं त्याला परत करायचं. इतकी वर्षं नोकरी झाली, पण नाटक असं एकही धड पाहिलं नाही. भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या की ही गुडघ्यावर हात टेकून उठायची. लोक फोनवर बोलता बोलता कोट पुढे करत, तिच्या तोंडाकडे बघतही नसत. तिला त्याचं काही वाटत नसे. काम होतं, पगार मिळत होता, आणि बिल्ला दाखवल्याशिवाय ती कुणाच्या बापालाही कोट परत देत नसे.

घरी मात्र फळीही नव्हती आणि बिल्लाही नव्हता. घरी धाकटा भाऊ, भावजय आणि आठ वर्षांची भाची. आई गेली तेव्हा भाऊ शाळेत होता. त्याचे डबे, वह्या, तापाची दुखणी, सगळं हिनेच काढलं. त्याच्या लग्नात आहेराच्या खोलीला कुलूप नव्हतं, म्हणून सगळा वेळ ही दाराशी खुर्ची टाकून बसली. फोटोत ती नाही. ‘अगं, तू कुठे होतीस?’ असं भावाने नंतर विचारलं, आणि ते त्याने खरोखरच विचारलं होतं!

दर हिवाळ्यात, सुट्टी लागली की ही मंडळी गाडी काढून शेजारच्या लहानशा गावातल्या उत्सवाला जात. चौकात दिव्यांच्या माळा, बँड, मोठा पाळणा आणि मधोमध स्केट्स घालून घसरायचं बर्फाचं रिंगण. ‘ताई, तुला गर्दीचा त्रास होतो, तू इथे बाकावरच बस,’ असं भाऊ म्हणायचा. तिला गर्दीचा त्रास कधीच नव्हता. गर्दीवरच तर तिचं पोट होतं. पण एकदा कोणीतरी ते बोललं आणि घरात त्याचा कायदा होऊन बसला.

या वर्षी तिने आठवडाभर आधी जेवताना सांगून टाकलं, ‘मी या वेळी बर्फावर उतरणार आहे.’

‘तुला येतं?’ भाचीचे डोळे मोठे झाले.

‘तुझ्या बापाला कोणी शिकवलं, विचार.’

ते खरं होतं. घरामागचं तळं गोठलं की भावाचे दोन्ही हात धरून, स्वतः उलटी घसरत तिनेच त्याला शिकवलं होतं. भाचीने ताटावरच टाळी मागितली. ‘आपण दोघी हात धरून फिरायचं. ठरलं!’ त्या रात्री आत्याने जाड लोकरीचे मोजे शोधून काढले, आणि आठवडाभर नाटकगृहात फळीमागे उभ्या उभ्या तिचे पाय आपोआप डावी-उजवीकडे सरकत राहिले.

उत्सवात पोचल्यावर पाळण्यापाशी भाऊ म्हणाला, ‘ताई, जरा धर.’ छोट्या आगगाडीपाशी भावजय म्हणाली, ‘ताई, एवढं धरता?’ आत्याने धरलं. तिचा सगळा जीव रिंगणाकडे लागला होता. तिथे लांब कोट घालून उतरायला मनाई होती, म्हणून ठेवायला शेजारीच कपाटं केली होती. तिने ती दाखवली तर भाऊ हसला. ‘कपाट कशाला? घरचा माणूस असताना! आम्ही एक चक्कर मारून येतो, मग तू.’

एका चकरेच्या किती चकरा झाल्या देव जाणे. तिघांचे कोट, तिघांचे बूट, भावजयीची पर्स असा सगळा बारदाना सांभाळत आत्या कठड्याशी उभी. बाक ओला, खाली चिखल झालेला बर्फ. तेवढ्यात एका अनोळखी गृहस्थाने आपलाही कोट तिच्या हातावर टाकला आणि विचारलं, ‘बिल्ला?’

‘मी इथे कामाला नाही,’ आत्या म्हणाली.

गृहस्थ कानापर्यंत लाल झाला. दोनदा माफी मागून, कोट उचलून पळाला. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्याच्यावर नव्हे. परक्या माणसाला लाज वाटली. आणि हे आपले!

शेवटची फेरी असल्याचं भोंग्यावरून सांगितलं गेलं. तिघं कठड्याशी आली.

‘आता मी,’ आत्या म्हणाली.

‘अहो ताई, पडलात-बिडलात तर?’ भावजय म्हणाली. ‘नसतं दुखणं व्हायचं.’

‘पुढच्या वर्षी नक्की,’ भाऊ म्हणाला.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती भाचीला म्हणाली, ‘चल गं. आपलं ठरलंय ना?’

भाचीला उकडत होतं. तिने डोक्यावरून स्वेटर ओढून काढला, न बघताच मागे फेकला आणि म्हणाली, ‘धर, आत्या.’ स्वेटर आत्याच्या तोंडावर आदळून कोटांच्या ढिगावर पडला. पोरगी पाठ फिरवून एकटीच बर्फावर निघालीही होती.

आत्याने दोन्ही हात सोडून दिले. कोट, बूट, पर्स, स्वेटर, सगळं चिखलात.

‘इकडे ये,’ ती म्हणाली. ‘उचल तो.’

हा आवाज घरात कोणी ऐकला नव्हता. भाची जागीच थिजली.

‘वेड लागलंय का तुला?’ भाऊ ओरडला. लोक वळून बघायला लागले. ‘लहान आहे ती! पोरीवर कसला राग काढतेस?’

‘तूही एवढाच होतास,’ आत्या म्हणाली. ‘तू टाकायचास आणि मी उचलायची. वाटायचं, लहान आहे, मोठा झाला की उचलेल.’

भावजय वाकून पर्स पुसायला लागली.

आत्याने कपाटांशेजारच्या खिडकीवरून भाड्याचे स्केट्स घेतले, पायांत चढवले आणि एकटीच रिंगणात शिरली. पहिल्याच वळणावर सपशेल पडली. कोपर सणकून लागलं. कोणाचा हात न घेता उठली आणि पुन्हा निघाली. हळूहळू पायांना सगळं आठवलं. कठड्यापलीकडे, जिच्यासाठी आत्या आठवडाभर मोजे उशाशी घेऊन झोपली होती ती पोरगी, ओला स्वेटर छातीशी धरून मोठमोठ्याने रडत होती. ‘आत्या, मी येऊ? आत्या!’ समोरून जाताना आत्याला ते स्पष्ट ऐकू आलं. तिचेही डोळे भरून आले होते, पण ती थांबली नाही.