बर्निसच्या दोन खुर्च्या

“रिकामी खुर्ची! त्या लोकांना दुसरी भाषाच कळत नाही, बर्निस. आपल्या दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या ना, की बरोबर ताळ्यावर येतील.”

“मागच्या सप्टेंबरात अख्खं मैदान रिकामं होतं, चेट. कोण आलं ताळ्यावर?” ओठांत धरलेल्या टाचण्या न काढताच बर्निसने विचारलं.

“तेव्हा आपण होतो ना तिथे. म्हणून त्यांना वाटलं, चाललंय ते ठीक चाललंय.”

“म्हणजे एवढी वर्षं संघ हरतोय तो आपल्यामुळे?”

“शब्दात पकडू नकोस मला!”

बर्निसचा नवरा चेट ग्रोखोवस्की कचऱ्याच्या डब्यापाशी उभा होता. उजवा पाय डब्याच्या पेडलवर, झाकण उघडं आणि हातात स्टोकर्स या बेसबॉल संघाकडून आलेला पिवळा फॉर्म. येत्या मोसमात तुमच्या खुर्च्या तुमच्याकडेच ठेवायच्या असतील तर शुक्रवारपर्यंत सही करून द्या, असं त्यावर छापलं होतं. गेली दहा मिनिटं तो फॉर्म डब्यात पडणार होता.

“टाकायचा तर टाक,” बर्निस म्हणाली, “नाहीतर पाय तरी काढ. कोबीचा वास सुटलाय.”

चेटने पाय काढला. झाकण दाणकन बसलं. फॉर्म त्याने टेबलावरच्या मिठाच्या डब्याखाली सरकवला.

“शुक्रवारी टाकतो,” तो म्हणाला.

बर्निसने मान खाली घातली आणि पुन्हा उसवायला घेतलं. तिच्या मांडीवर निळी जर्सी होती आणि जर्सीच्या पाठीवर सान्तोयो हे नाव. सकाळपासूनची ही सहावी. अजून तेवीस जर्सी सोफ्यावर पडल्या होत्या, आणि सगळ्यांच्या पाठीवर सान्तोयोच.

बर्निस चौसष्ट वर्षांची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं मशीन. लग्नाचे झगे सैल करणं, पडद्यांच्या कडा, थोरल्याचे कपडे धाकट्याच्या मापाचे करणं, असली कामं वर्षभर चालायची. पण हिवाळ्यात, ईरी सरोवरावरून बोचरा वारा यायला लागला, की हातात जर्सीशिवाय दुसरं काही नसायचं. खूप वर्षांपूर्वी चेटचा आवडता पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, संघाने दुसऱ्या शहराला देऊन टाकला, तेव्हा चेट जर्सी जाळायला निघाला होता. बर्निसने ती हिसकावून घेतली, नाव उसवलं आणि नवीन नाव शिवून दिलं. मग शेजारचा आला, शेजारच्याचा मेहुणा आला. आता तर मालकांना कुणाला घालवायची हुक्की आली रे आली, की ग्रोखोवस्कींच्या दारावरची घंटा वाजायला लागे. संघाच्या कारभाराला गावात सगळेच शिव्या देत, पण त्या कारभाराचा पसारा सोफ्यावर येऊन पडे तो फक्त बर्निसच्या.

नाव उसवलं तरी पूर्ण जात नाही. बाकीचं कापड उन्हाने फिकट झालेलं असतं, आणि अक्षरांखालचं तेवढं गडद राहतं. चेटच्या जर्सीवर अशी पाच नावं एकावर एक पडली होती. शाळेतला फळा नीट न पुसता त्यावर पुन्हा लिहावं, तशी त्याची पाठ दिसायची.

पण सान्तोयोची गोष्ट वेगळी होती. रामिरो सान्तोयो एकविसाव्या वर्षी इथे आला आणि सहा वर्षं दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर असा उभा राहिला, की तिथून चेंडू जाणं म्हणजे भिंतीतून जाणं. तो आता पश्चिम किनाऱ्यावरच्या एका श्रीमंत संघाचा झाला होता. बदल्यात स्टोकर्सला मिळाले दोन पोरसवदा पिचर, त्यातल्या एकाचं कोपर प्लास्टरमध्ये, आणि तिसरा एक खेळाडू, ज्याच्याबद्दल संघाने जाहीर केलं होतं: नाव नंतर कळवू.

या तिसऱ्याने चेटची झोप उडवली होती. बेसबॉलमध्ये असे व्यवहार होतात हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, पण सान्तोयोच्या बदल्यात? रेडिओवरच्या खेळाच्या कार्यक्रमात तो आठवड्यातून तीनदा फोन करी. निवेदक आता त्याचा आवाज ओळखू लागला होता.

“मी तुला माझी चालती गाडी देतो,” चेट फोनवर ओरडे, “तू मला दोन पंक्चर सायकली दे, आणि वर म्हण की तिसरं काय देणार ते नंतर सांगतो! घेशील का? घेशील का तू?”

“मी नाही घेणार, चेट,” निवेदक म्हणे.

“मग व्हिटलॉक कसा घेतो?”

प्रेस्टन व्हिटलॉक म्हणजे संघाचा व्यवस्थापक. वय अडतीस, पायात मोजे नाहीत. आल्या दिवशी त्याने पंचवार्षिक योजना जाहीर केली होती. त्याच्या आधीच्या तिघांनीही केली होती.

दुपारी बर्निसची मैत्रीण इर्मा पलुंबो आली. इर्मा बहात्तर वर्षांची, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, बोलायला फटकळ. तिने आपली जर्सी सोफ्यावरच्या ढिगावर टाकली.

“काढ त्या बिचाऱ्याचं नाव. आणि दुसरं कुणाचं घालू नकोस. माझी पाठ मोकळी राहू दे. या वयात पुन्हा कुणात जीव गुंतवायला मी काही मूर्ख नाही.” मग ती चेटकडे वळली. “काय रे, फोनवर फार बोलतोस. मंगळवारी येणार आहेस ना? व्हिटलॉक सीझन तिकीटवाल्यांना भेटणार आहे. जे विचारायचं ते तोंडावर विचार.”

“मी त्या इमारतीत पाय ठेवणार नाही,” चेट म्हणाला. “माझा बहिष्कार आहे.”

“त्याचं काय जातंय? खुर्ची तुझी जाईल.” इर्मा खुर्ची ओढून बसली. “माझं बघ. गेल्या वर्षी पोराला सांगितलं फॉर्म देऊन ये, तो विसरला. छत्तीस वर्षांची जागा गेली. आता कुठे बसवलंय मला? पार वर, कबुतरांच्या शेजारी. मी विचारलं, माझी जागा परत मिळेल का, तर ती मुलगी म्हणते, बाई, यादीत तुमच्या पुढे नऊशे लोक आहेत.”

“हरणाऱ्या संघासाठी नऊशे लोक?” वरच्या मजल्यावर राहणारी मुलगी मार्सी नुकतीच खाली आली होती. “आई, आता पुरे करा ना तुम्ही दोघं. एक मोठा टीव्ही घेऊ. थंडी नाही, पाऊस नाही, पार्किंग नाही.”

“बघ,” चेट म्हणाला, “पोरगीसुद्धा माझ्या बाजूने आहे.”

“मी तुमच्या बाजूने नाही, बाबा. मी टीव्हीच्या बाजूने आहे.”

बर्निस उसवत राहिली. त्या खुर्च्या तिसऱ्या बेसच्या बाजूला, बाराव्या रांगेत होत्या. तिचे वडील गोदीत खनिजाची जहाजं रिकामी करणारी क्रेन चालवत. मैदान नवीन झालं तेव्हा त्यांनी त्या घेतल्या. आईला बेसबॉलचा वीट, म्हणून नऊ वर्षांची बर्निस वडिलांशेजारी बसू लागली. प्रत्येक चेंडूचं काय झालं ते वहीत पेन्सिलीने मांडायला त्यांनीच शिकवलं. ते वारले तेव्हा आईचे दागिने बहिणीला गेले आणि खुर्च्या बर्निसला. त्या वाटणीत आपण फसलो असं तिला कधी वाटलं नाही, आणि बहीण तर अजून हसते.

मंगळवारी संध्याकाळी ती इर्माच्या गाडीत बसून गेली. निघताना फॉर्म मिठाच्या डब्याखालून काढून पर्समध्ये टाकला. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. चेट रेडिओला कान लावून बसला होता.

सभागृह मैदानाच्या अंगालाच होतं. एका बाजूला कॉफी आणि बोटभर सँडविच. दीडशेक लोक, निम्म्यांच्या पाठीवर सान्तोयो. व्हिटलॉक आला, हसला आणि ‘प्रक्रिया’ या शब्दावर वीस मिनिटं बोलला. पडद्यावर आलेख होते. प्रत्येक आलेखात रेघ आता खाली होती आणि चौथ्या वर्षी वर जात होती.

“चौथ्या वर्षी मी शहात्तर वर्षांची असेन!” इर्मा मागून ओरडली. “रेघ जरा अलीकडे ओढ की, बाळा!”

लोक हसले. व्हिटलॉकही हसला. मग प्रश्नांची वेळ आली आणि माईक फिरत फिरत बर्निसच्या हातात आला. ती काही विचारायला आली नव्हती. पण माईक हातात आल्यावर परत देणं तिला बरं वाटेना.

“मी जर्सींवर नावं शिवते,” ती म्हणाली. “माझ्या सोफ्यावर आत्ता तीस जर्सी आहेत. लोक विचारतात, आता कुणाचं नाव घालायचं? तुम्ही मला एक नाव सांगा. एकच. जो सप्टेंबरपर्यंत, मोसम संपेपर्यंत, इथेच असेल.”

व्हिटलॉकने शेजारी बसलेल्या माणसाकडे बघितलं.

“खरं सांगू, बाई?” तो शेवटी म्हणाला. “नाही सांगता येणार.”

“तुमचं स्वतःचं घालू?”

एवढा हशा पिकला की माईक शिट्टी मारायला लागला. व्हिटलॉक कानापर्यंत लाल झाला. “ते तर मुळीच नको,” तो म्हणाला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

नंतर कॉफीपाशी तो स्वतः तिच्याजवळ आला. जवळून तो आणखीच लहान आणि दमलेला दिसत होता.

“कुठे बसता तुम्ही?”

“तिसऱ्या बेसला. बारावी रांग.”

“उत्तम जागा. म्हणजे ऑगस्टमधला तो सामना तुम्ही बघितला असेल. शेवटच्या, नवव्या डावात सान्तोयोने दोन धावपटूंना एका झेपेत बाद केलं तो? पंधरा वर्षांत असं काही बघितलं नाही मी.”

“रेडिओवर ऐकला,” बर्निस म्हणाली. “गाडीत.”

“त्या दिवशी तुम्ही आला नव्हतात?”

“आले होते. माझा नवरा सातव्या डावाला उठतो. संताप अनावर होतो त्याला. गाडीची किल्ली त्याच्याकडे असते.”

“नेहमीच?”

“पस्तीस वर्षं.”

“गेल्या वर्षी आम्ही अकरा सामने सातव्या डावानंतर फिरवले,” व्हिटलॉक म्हणाला. “जिंकलो ते तेवढेच म्हणा.”

तो दुसऱ्या कुणाकडे गेला. बर्निस हातात गार होत चाललेली कॉफी घेऊन काचेपाशी उभी राहिली. बाहेर दिव्यांच्या उजेडात मैदान पांढरंशुभ्र पडलं होतं. बाराव्या रांगेतल्या दोन्ही खुर्च्यांवर वीतभर बर्फ साचला होता. तिच्या सगळ्या वह्यांमध्ये सातव्या डावापर्यंत पेन्सिलीने नीट मांडलेलं होतं, आणि पुढचं सगळं गाडीच्या धक्क्यांनी वेडंवाकडं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपल्याला हरण्याचा त्रास होतो. तिने नीट आठवून बघितलं. हरण्याचा फारसा नव्हताच. वडिलांबरोबर ती कितीतरी हरलेले सामने बघत बसली होती, शेंगांची टरफलं पायाशी टाकत, शेवटच्या चेंडूपर्यंत. घरी येताना दोघंही खुशीत असायची.

“काय गं, भूत बघितलंस की काय?” इर्मा दोन सँडविच रुमालात बांधत म्हणाली.

“टेबल कुठे आहे? फॉर्म घेतात ते?”

टेबलामागच्या मुलीने फॉर्म घेतला आणि संगणकात बघितलं. “बर्निस हलुपका?”

“ते माझं माहेरचं नाव. वडिलांच्या वेळेपासून तेच आहे.”

“हरकत नाही. फक्त तुमची एकटीची सही लागेल. या दोन्ही खुर्च्या तुमच्याच नावावर आहेत.”

हे चेट विसरला होता. खरं म्हणजे बर्निससुद्धा विसरली होती. तिने पेन मागून घेतलं, आणि सही करताना तिचं अक्षर तिला जरा मोठं वाटलं.

गाडीत बसल्यावर तिने इर्माला एक प्रश्न विचारला. इर्माने गाडी सुरू करण्याआधी पूर्ण एक मिनिट तिच्याकडे बघितलं आणि मग तिला असा मुका दिला की चष्मा वाकडा झाला.

घरी चेट आणि मार्सी टेबलाशी पिरोगी, बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, खात होते. बर्निसने कोट काढला, बुटांचा बर्फ झटकला.

“काय म्हणतोय तो बिनमोज्याचा?” चेटने विचारलं. “त्या तिसऱ्याचं नाव सांगितलं?”

“नाही.”

“बघितलंस! मी म्हणत होतो की नाही? आणि इथला फॉर्म कुठे गेला? शुक्रवारी मी तो स्वतःच्या हाताने...”

“फॉर्म मी दिला सही करून,” बर्निस ताट घेत म्हणाली. “दोन्ही खुर्च्या ठेवल्यात. तू येणार नाहीस म्हणालास, म्हणून तुझ्या जागेवर यंदा इर्मा बसेल. एप्रिलपासून मी तिच्या गाडीने जाईन. जेवण ओव्हनमध्ये ठेवून जात जाईन. सामना संपला की येईन.”

चेटचा काटा पिरोगीत रुतून राहिला. मार्सीने आईकडे बघितलं, मग बाबांकडे.

“आणि मी?” चेट म्हणाला.

“तू घरी,” बर्निस म्हणाली. “मार्सी, ती साय इकडे सरकव.”