ओल्या कानावरचं तेल

इतर घरांत सासू-सुनांची जुंपते ती भाजीत मीठ किती, यावरून. आमच्या घरात ती जुंपायची ह्यांच्या कानांवरून. दोघींनाही ते कान आपल्याच मालकीचे वाटायचे, आणि ज्याचे होते त्याला कुणी विचारत नव्हतं.

हे मुंबईच्या बंदरात पाणबुडे होते. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरायचं, जहाजाचं बूड तपासायचं, त्याला चिकटलेली कालवं खरवडायची आणि वर यायचं. ऐंशीच्या दशकात आमच्या मोरिवली गावात ही नोकरी समजावून सांगणं महाकठीण. आजूबाजूचे सगळे कारखान्यांत जाणारे. मी सांगू लागले की त्यांना वाटायचं, नवी सून थापा मारते. रोज त्या मळक्या पाण्यात बुडी म्हटल्यावर कान धड राहणार कसे? आधी खाज, मग नुसती कानाची पाळी ओढली तरी ठणका, मग सकाळी उशीवर पिवळा डाग. ह्यांचा मात्र एकच मंत्र, "होईल बरं." काडेपेटीची काडी कानात घालून, डोळे मिटून, समाधी लागल्यासारखे खाजवत बसले की माझं डोकंच फिरायचं.

सासूबाईंचा उपाय ठरलेला. पळीत खोबरेल तेल, त्यात लसणाच्या दोन पाकळ्या, तडतडल्या की कोमट करून थेट कानात. "बाला, ये रं," अशी हाक आली की एवढा धिप्पाड माणूस निमूट जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवायचा. मला राग यायचा आणि बघत राहावंसंही वाटायचं. इतकी माया त्या पळीत होती.

त्यांचं म्हणणं असं, की त्यांचे वडील खाडीत बुड्या मारून रेती काढायचे. "मी रोज सांजचा बापसाच्या कानात तेल घालायची. माझा लगीन झाला, मी इकडं आली, मंग कोन घालनार? झाला ना बहिरा!" वडील शेवटी ठार बहिरे झाले होते.

त्या वर्षी गणपती झाले आणि उजवा कान जो वाहायला लागला तो थांबेचना. दिवाळीनंतर कंपनीची डॉक्टरी तपासणी होती. वाहता कान दिसला की पाण्यात उतरणं कायमचं बंद, गोदामात बसायचं. ह्यांना गोदामात बसवणं म्हणजे शिक्षाच. समुद्राचा तळ कसा दिसतो ते सांगताना ह्यांचा चेहरा असा फुलायचा, की मी आमटी उतू गेली तरी ऐकत राहायचे. ते बंद होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवूनच टाकलं.

माझं माहेर उल्हासनगरचं, कॅम्प तीनचं. तिथे जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत, एका जिन्यावरच्या खोलीत, कानाचे एक म्हातारे सिंधी डॉक्टर बसत. खाली शिलाई मशिनांचा एवढा खडखडाट, की कान तपासायला यापेक्षा वाईट जागा शोधून सापडली नसती. पण हात देवाचा. त्यांनी कान साफ केला, औषध दिलं आणि ह्यांना तंबी दिली. "कान पूरा सूखने तक पानी में नहीं जाना. सर्दी में तो बिलकुल नहीं. माचिस की तीली, पिन, कुछ नहीं डालना. और तेल? तेल तो भूल ही जाओ." पडदा शाबूत आहे याची खात्री करून पुढचंही सांगितलं. कान बरा झाला, की प्रत्येक बुडीनंतर आधी साध्या पाण्याने कान धुवायचे, मान वाकडी करून पाणी काढायचं, मग व्हिनेगर आणि स्पिरिट समसमान मिसळून त्याचे थेंब घालायचे. थोडा वेळ ठेवायचे, दुसऱ्या कुशीवर वळून बाहेर सोडून द्यायचे. एवढंच. कान कोरडा, तर माणूस सुखी.

पंधरवडा गेला तरी कान वाहतोच. मी औषध वेळेवर घालत होते, बंदरातून रजा घेतलेली होती, मग झालं काय? एका सकाळी चादरी बदलताना ह्यांच्या उशीला लसणाचा वास आला.

अस्सा जाळ झाला माझ्या डोक्यात! विचारलं तर हे म्हणतात, "अगं, तुझं मन मोडवेना, आईचंही मोडवेना." म्हणजे सकाळी बायकोचं औषध, संध्याकाळी आईचं तेल, आणि मध्ये बिचारा कान! मी भांडीबिंडी आपटली. मग सरळ सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिले. "उद्या तुम्हीच चला डॉक्टरकडे. त्यांच्या तोंडावर सांगा काय ते."

त्या आल्या. नऊवारी नीट नेसून, भांडायच्या तयारीनेच आल्या. आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "लोनच्यावर आमी तेल कशाला घालतो? बुरशी येऊ नाय म्हनून. मंग कानात घातला तर तुमचा काय बिघडला?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "ठीक बोली अम्मा. पर आम गीला हो, पोंछा नहीं, और ऊपर से तेल डाल दिया, तो?"

लोणच्यात सासूबाईंचा हात धरणारं कुणी मोरिवलीत नव्हतं. कैरीच्या फोडी पुसून, फडक्यावर सुकवून घेतल्याशिवाय त्या कुणाला बरणीजवळ फिरकू देत नसत. हळूच म्हणाल्या, "फोडी वल्या असल्या तर वरून कितीबी तेल घाला. खालून सडतंच."



परतताना रिक्षात आम्ही दोघी शेजारी, हे पुढे ड्रायव्हरजवळ. उल्हासनगर मागे पडलं. आणि सासूबाई एकदम म्हणाल्या, "पोरी, बापूस माज्या लग्नाच्या आधीच बहिरा व्हत चाललेला. हाक मारली तरी वलून बघायचा नाय. मी म्हनायची, मुद्दाम करतो. खाडीतून वर आला की वल्या कानातच मी तेल वतायची."

माझा सगळा राग तिथल्या तिथे विरघळला. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आई, खोल पाण्याच्या दाबानेही कान जातात. सगळा दोष तेलाला नका देऊ." त्यांनी हात काढून घेतला नाही. त्या दिवसापासून त्या मला माझ्या आईइतक्या वाटायला लागल्या, हे खरं.

तेल बंद झालं आणि कान सुकला. नरकचतुर्दशीला त्यांनी ह्यांच्या अंगाला, डोक्याला चोपून तेल लावलं, पण कानांत आधी व्हॅसलीन फासलेला कापूस बसवला. तोही स्वतःच्या हातांनी. मला हात लावू दिला नाही.

तपासणीच्या दिवशी हे दुपारी परतले ते पायरीवरूनच ओरडत, "पास! सोमवारपासून पाण्यात!" मी धावत जाऊन पेढे आणले. सासूबाईंचा मात्र कंपनीच्या कान तपासायच्या यंत्रावर भरवसा नव्हता. हे हातपाय धुऊन पानावर बसले. त्या ह्यांच्या पाठीमागे, पार मोरीच्या दारापर्यंत सरकल्या, आणि अगदी पुटपुटल्या. मी शेजारी उभी, तर मलाही जेमतेम ऐकू आलं.

"बाला, भात वाढू?"

ह्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "वाढ ना, आये. भूक लागलीय."

सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि दाराशीच खाली बसल्या. भात मग मी वाढला.