सुतारानं दिलेलं बी

डावा बॉक्स फरफर करायला लागला तेव्हा माझी बायको अंथरुणावर होती. मी तो दुरुस्त केला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझ्याबद्दल चांगलं मत करून घेणार नाही.

बॉक्स म्हणजे लाकडी स्पीकर. जोडी होती. जळगाव जामोदला एक सुतार होता, तो बनवायचा. लाकूड त्याचं, आतला कागदाचा पडदा त्यानंच चिकटवलेला, तारेची कॉईलही त्याच्याच हातची. दुकानावर पाटी नव्हती, गॅरंटीचा कागद नव्हता. "बिघडलं तर या," एवढं म्हणायचा. आता सुतार जाऊन बरीच वर्षं झाली.

त्या साली आमचा कापूस बरा झाला होता. मला टीव्ही घ्यायचा होता. बायको म्हणाली, "टीव्हीत माणसं दिसतात, पण बोलून काय राह्यले ते मले समजत नाही." तिला एका कानानं लहानपणापासून ऐकू यायचं नाही आणि दुसऱ्यानं अर्धवट. स, श ही अक्षरं तिच्यापर्यंत पोचतच नसत. गावातल्या सप्त्यात त्या सुताराचे बॉक्स लागले होते. तेव्हा पहिल्यांदा तिला कीर्तन बरंचसं समजलं. घरी येऊन दोन दिवस तेच बोलत होती. मग टीव्ही राहिला आणि आम्ही दोघं सुताराकडे गेलो.

सुतारानं तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः माईक घेऊन आतल्या खोलीत गेला.

"काय आयकू येते ते सांगा, वहिनी," बॉक्समधून आवाज आला. "साखर."

"आखर," बायको म्हणाली.

"शेवगा."

"एवगा."

तो बाहेर आला. बॉक्सची पाठ उघडली, आतून काहीतरी काढलं, एक तार फिरवली, पुन्हा आत गेला. असं चार-पाच वेळा झालं. मी कंटाळून बाहेर बिडी ओढून आलो. आलो तेव्हा तो म्हणत होता, "सासू."

"सासू!" बायको लगेच म्हणाली.

"पाहा," मी म्हणालो, "सासू बरोबर आयकू आली."

"सासू तं ठार बहिरीलेही आयकू येते," ती म्हणाली. सुतार आत माईक धरूनच हसला. ते हसणं दोन्ही बॉक्समधून आलं. मग त्यानं पुन्हा साखर म्हटलं, तिनंही साखर म्हटलं. तो बाहेर आला आणि पाठीचे स्क्रू आवळत म्हणाला, "झालं. हे तुमचं माप, वहिनी. बांगडीचं असते तसं."

निघताना मी बैलगाडीत बॉक्स दोरानं बांधत होतो. सुतारानं तिच्या हातात एक गाठोडं दिलं आणि तिच्या बऱ्या कानाजवळ येऊन काहीतरी सांगितलं. रस्त्यात मी विचारलं, "काय देल्लं?"

"बी," ती म्हणाली.

सुताराच्या अंगणात दोडक्याचा वेल होता. मी समजलो, दोडक्याचं असेल. पुन्हा काही विचारलं नाही. माझा स्वभावच तसा.

तिच्या मापाचा तो आवाज मला टोचायचा. टेपवर कीर्तन लावलं की बुवांच्या प्रत्येक स ला कोणी कानात काडी घालतंय असं वाटायचं. मी ओसरीवर जाऊन बसायचो. ती डाव्या बॉक्सजवळ बसून, बरा कान तिकडे करून गहू निवडायची आणि मधूनच एकटी हसायची. पुढे गावातल्या बायकांचं भजनी मंडळ आमच्याच घरी बसायला लागलं. त्यांच्या माईकची तार याच बॉक्सला. त्या म्हणायच्या, "बाई, लय कडक आवाज हाये तुह्या बॉक्सचा." ती म्हणायची, "तुमचे कान चांगले हायेत, तुम्ही लांब बसा."

गेल्या वर्षी श्रावणात ती आजारी पडली ती उठली नाही. त्याच दिवसांत डावा बॉक्स फाटल्यासारखा वाजायला लागला. एकदा म्हणाली, "बी काढा न ते. लावून घ्या."

मी म्हणालो, "पेरणी झाली कव्हाचीच. आता काय लावतेस, दोडके?"

"दोडके नाही," म्हणाली आणि थांबली. दम लागायचा तिला. मला वाटलं, तापात बडबडते. म्हटलं, "पड गुपचूप." उजवा तिला लांब पडायचा; मग एक दिवस तिनंच दोन्ही बॉक्स बंद करायला लावले. "फरफर आयकू येते, शब्द नाही." त्यानंतर दोन महिने ती होती. दोन महिने तिनं एक शब्द धड ऐकला नाही. मी बोलायचो तेही नाही. तसं मी बोलायचो तरी किती.

आता तिचं वर्षश्राद्ध आलं. भजनी मंडळाच्या बायका म्हणाल्या, आम्ही येऊन म्हणू. सून म्हणाली, "मामाजी, नवा आणू एक. मोबाईलवर चालते, हातात मावते एवढा."  मी डावा बॉक्स ऑटोत टाकला आणि जळगाव जामोदला नेला. तिथं बसस्टँडच्या मागे एकजण स्पीकर दुरुस्त करतो. सुताराकडे दोन-तीन वर्षं कामाला होता तो.

त्यानं चार स्क्रू काढले आणि बॉक्स उघडला. त्याच्या मागे भिंतीशी ढीग होता चकचकीत स्पीकरांचा, काळे, निळे, दिवे लागणारे.

"हे काऊन पडले?" मी विचारलं.

"चिकटवलेले हायेत, काका. उघडाले गेलं का फुटते. पार्ट मांगतला तं म्हणतात मॉडेल बंद झालं. तुमचा पाहा, चार स्क्रू का मोकळा."

"मंग दे करून."

"उघडते, पण आत टाकू काय? पडदा चिरला, कॉईल घासून राह्यली. बाजारातला पडदा याच्यात बसत नाही. एक बोटभर मोठा, एक बोटभर लहान. सुतार आपल्याच मापानं चालला जिंदगीभर."

मी स्टुलावर बसून राहिलो.  बॉक्स परत ऑटोत टाकायचा, घरी न्यायचा, कोपऱ्यात ठेवायचा, आणि श्राद्धाच्या दिवशी बायकांसमोर सुनेचा हातात मावणारा डबा वाजवायचा. तो म्हणाला, "घरी पाह्यलं का पण? सुतार हरेक गिऱ्हाइकाले एक पडदा जास्तीचा द्यायचा, कॉईल लावून. मी मेलो तं कोण बनवून देईन, म्हणे. बी म्हणायचा तो त्याले."

मी विचारलं, "काय म्हणायचा?"

"बी."

त्यानं चहा मागवला होता. मी न पिता निघालो.

घरी जिन्याखाली तेलाचा जुना पंधरा किलोचा डबा आहे. त्यात ती परसातलं बियाणं ठेवायची. वाल, दोडका, भोपळा, वेगवेगळ्या चिंध्यांत बांधून, गोवरीच्या चाळलेल्या राखेत, वर कडुलिंबाचा पाला. मी डबा अंगणात ओतला. सून म्हणाली, "मामाजी, पयले जेवा तं," आणि मग माझं तोंड पाहून आत गेली. सगळ्यात खाली तिच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं ताटलीएवढं काहीतरी होतं. सोडलं. कागदाचा पडदा, काळा, अख्खा. राखेनं भरलेला. गाठीत कडुलिंबाचा पाला होता आणि तो फार जुना नव्हता, ती पडायच्या आधीच्याच उन्हाळ्यातला होता. म्हणजे दरवर्षी ती गाठ सोडून पाला बदलत होती. सुतारानं बी म्हटलं, तिनं बियासारखं सांभाळलं. आणि मी तिला दोडक्याचं विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी जळगावला परत गेलो. तो माणूस पडदा पाहून डोक्याला हात लावून बसला.

"राखेत कोण ठेवते हो हे? एक कण राह्यला तरी घासते."

"झाड मंग."

तासभर तो रंगाच्या ब्रशनं झटकत, फुंकत बसला. शिव्या देत होता, पण हळू. मग म्हणाला, "एक मात्र हाये, काका. बाकीच्या दोन-चार गिऱ्हाइकांनी आणले होते मायाजवळ. पेटीत, कपाटात ठेवलेले. कसरीच्या किड्यांनी खाऊन जाळी करून टाकली होती त्याची. हा एकच अख्खा पाह्यला मी."

पडदा बसवला, वाजवून पाहिला. फरफर गेली होती. त्यानं कपाळाला आठी घातली आणि बॉक्समध्ये वाकून बॅटरी मारली.

"वरचा बारका स्पीकर लय तेज वाजून राह्यला. हे पाहा, इथं एक पार्ट लागते, आवाज मऊ करते तो. सुताराचा टाकाचा राहून गेला. आता उघडलंच हाये तं टाकून देतो."

"नको."

"पैसे नाही घेत त्याचे, काका. चूक हाये ती. घरच्यांचे कान किटून जाईन."

"चूक नाही बे," मी म्हणालो. "त्यानं मायासमोर काढला तो. आवळ स्क्रू."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि स्क्रू आवळले.

वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर बायका बसल्या. मी दोन्ही बॉक्स तिनं ठेवले होते तिथेच ठेवले. डाव्याजवळ, जिथं ती बसायची, तिथं मी बसलो. मी तिथं कधी बसलो नव्हतो. पहिलंच भजन सुरू झालं आणि कानात काडी गेली. सून दारातून पाहत होती. दोन कडवी झाली तशी टाळ धरलेली म्हातारी थांबली आणि म्हणाली, "आबा, डावा लय टोचते हो. कमी करता का जरासा?"

"टोचू द्या," मी म्हणालो. "म्हणा तुम्ही."