आधी माणूस दाखवा

किल्ली खिशात घालून फिटर घरी गेला, पोटभर जेवला आणि त्यानं ताणून दिली. इकडे बिस्किटांचा अख्खा कारखाना ठप्प! पीठ मळायच्या मोठ्या मिक्सरच्या स्विचला त्याचं लाल कुलूप तसंच लटकत होतं. आणि नियम असा, की यंत्रात शिरण्याआधी स्विच बंद करून आपलं कुलूप लावायचं, आणि ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. यंत्रात शिरलेला माणूस धडपणे बाहेर आला, याची तेवढीच खूण.

हा नियम मिक्सरवरच्या मावशींनी आणलेला. त्या नव्यानं कामाला लागल्या तेव्हा शेजारची बाई पातं खरवडायला वाकली होती आणि पलीकडून कुणीतरी बटण दाबलं. बाई वाचली, पण त्या हातानं पुन्हा कधी तिला वेणी घालता आली नाही. मग मावशींनी आधी थोरल्या मालकांचं आणि नंतर त्यांच्या मुलाचं डोकं खाल्लं. वीस वर्षं खाल्ल्यावर कुठे माणशी एक कुलूप मिळालं. लोक त्यांना पाठीमागे ‘कुलूपमावशी’ म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं, आणि मनातून आवडतही होतं.

तोच मुलगा, आताचा मालक, तणतणत आला. “वॉचमननं फिटरला बाहेर जाताना पाहिलंय. तोडा ते कुलूप!”

मावशी स्विचसमोर उभ्या राहिल्या. “परत आला नसेल कशावरून?”

“मी आत डोकावून आलोय. चिटपाखरू नाही.”

“मिक्सरचा मागचा पट्टा भिंतीआड आहे, मालक. तुम्ही इथे येईपर्यंत तिथे कुणी वाकलं असेल तर? आधी माणूस दाखवा, मग खुशाल तोडा.”

“अहो, भट्टी नुसतीच तापतेय!”

“तापू दे. आज हे तुटलं, तर उद्यापासून कुणी कुलूप लावायचा नाही. मला घरी बसवलंत तरी चालेल.”

चालणार नव्हतं. घरात कमावत्या त्या एकट्याच. तरी त्या स्विचसमोरून हलल्या नाहीत.

शेवटी मालकानं वॉचमनला सायकलवर पिटाळलं. पाऊण तासानं फिटर आला, शर्ट उलटा, गालावर उशीची घडी. कुलूप काढताना त्याची मान काही वर होईना.

“काय मावशी, आत कोण सापडलं?” पॅकिंगवरून कुणीतरी ओरडलं. खसखस पिकली.

“कुणी नाही,” मावशी म्हणाल्या. “म्हणून तर हसताय.”

हसणं जागच्या जागी विरलं. दुसऱ्या दिवशी मालकानं गेटपाशी किल्ल्यांसाठी एक फळी ठोकली. किल्ली टांगल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. फळी तिरकी बसली होती, पण ठोकली होती त्यानं स्वतः.

फिटरला माफी मागणं जमेना. म्हणून त्यानं मावशींच्या घरचा पंखा दुरुस्त करायचं कबूल केलं. “येत्या रविवारी नक्की, मावशी!” असे चार रविवार गेले.

“फिटर,” मावशी येताजाता म्हणतात, “पंखा तुझ्या नावानं करकरतोय रे.”

“रविवारी, मावशी. अगदी नक्की!”