सरूबाईची कोंबडी

आज सकाळीही सरूबाईच्या कोंबडीने माझ्या अंगणात अंडं घातलं आणि माझं डोकं फिरलं. रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण झाला. लोकांनी देवाला आणलेल्या वस्तूंचा उपासनेनंतर लिलाव होतो. मी कांद्याची पोती दिली, तर पाळकांनी साधं नावही घेतलं नाही. सरूबाईच्या या एकुलत्या एका कोंबडीसाठी मात्र प्रार्थना केली. रागाच्या भरात मीच बोली लावून ती घेतली आणि म्हातारीला परत द्यायला गेलो.

"मावशी, ही परत घ्या. अंडी विकूनच तुमचं तेल-मीठ येतं ना?"

"देवाला दिलेलं मागं घेतात होय रे?"

"बरं, निम्मी अंडी तरी घ्या."

"घासाघीस बाजारात कर बाबा."

बाजारात कुणालाही वठणीवर आणतो मी, पण जिला काहीच नको तिच्याशी सौदा कसा करायचा? एवढी पोती देऊनही माझी कांद्याची चाळ भरलेलीच आहे. तिचं खुराडं मात्र रिकामं झालं.

हातातलं अंडं अजून कोमट आहे. आतून बायको विचारते आहे, उकडू का तळू, आणि मी ते पुन्हा कोंबडीजवळ ठेवतो आहे.